टक्के, व्होल्ट की एमएएच: ड्रोन खाली कधी आणायचा हे कुणाला विचारायचं?

समजा स्क्रीनवर बॅटरीसाठी एकाच मोठ्या आकड्याची जागा आहे. तिथे काय ठेवणार? टक्के, सेलचं (बॅटरीच्या आतल्या एकेका घटाचं) व्होल्टेज, की खर्च झालेले एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतून किती चार्ज गेला त्याचं माप)? मी तिन्ही करून बसलोय आणि तिन्हींनी मला कधी ना कधी तोंडघशी पाडलंय, त्यामुळे हाच आकडा खरा आणि बाकीचे खोटे असं काही मी म्हणणार नाही. फक्त आता माझ्या गॉगलमध्ये (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या चष्म्यात) कुठला आहे आणि बाकीचे दोन कोपऱ्यात का गेले तेवढं सांगतो. लायपो (ड्रोनची लिथियम-पॉलिमर बॅटरी) किती व्होल्टला भरते आणि कुठे मरते हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय.

टक्क्यांपासून सुरू करतो कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. फोल्डिंग कॅमेरा ड्रोन घेतला की टक्के आपोआप मिळतात, काही जोडायला नको, काही सेट करायला नको. आणि खरं सांगायचं तर नव्या बॅटरीवर ते चांगले चालतात. माझ्या पहिल्या वर्षात मी दुसरं काही बघितलंसुद्धा नाही, ३० आले की परत, झालं.

पण टक्का म्हणजे शेवटी भागाकार. वर उरलेला चार्ज, खाली पॅकची, म्हणजे अख्ख्या बॅटरीची, एकूण क्षमता. वरचा अंश बऱ्यापैकी मोजलेला असतो, म्हणजे बॅटरीतली चिप आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजून हिशेब ठेवत असते. खालचा छेद मात्र तिने कधीतरी शिकलेला असतो आणि घोळ जवळपास नेहमी या छेदात होतो. पॅक म्हातारा होतो, त्याची क्षमता कमी होते, आणि हे चिपला कळायला पॅक एकदा पूर्ण भरलेला, नीट खाली आणलेला आणि मध्ये काही वेळ शांत पडलेला मिळायला लागतो. आपण काय करतो, ३५ ला उतरवतो, गरम असतानाच दुसऱ्या उड्डाणासाठी चार्जरला लावतो, ९० ला काढतो आणि परत उडवतो. मग ती बिचारी जुन्याच छेदाने भागत बसते. म्हणून तर अधूनमधून एकदा पूर्ण चार्ज-डिस्चार्जची सायकल द्या असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मॅन्युअलचं ते पान वाचलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, मी धरून.

माझं झालं ते असं. पॅक जुना होता, पण फुगलेला वगैरे अजिबात नाही, आणि मी तळ्याच्या मधोमध होतो. २७ टक्के होते, वारा समोरून होता म्हणून जरा जास्त स्टिक दिली. आकडा २७ वरून २६, २५ असा न येता एकदम दोन-तीन उड्या मारून १२ वर आला आणि ड्रोनने स्वतःहून उतरायला सुरुवात केली. खाली पाणी. बऱ्याच मॉडेलमध्ये अशा वेळी थ्रॉटल (मोटरचा जोर ठरवणारी रिमोटवरची काडी) वर धरून ठेवला की उतरणं थांबतं किंवा निदान मंदावतं आणि ड्रोन आडवा नेता येतो, माझ्यात तसं होतं म्हणून काठावरच्या गवतात टेकवता आला. हात अर्धा तास थरथरत होते. नंतर अॅपमध्ये सेलचं पान उघडून बघितलं तर एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली. म्हणजे ती माहिती तिथे होती, फक्त मी टक्क्यांच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो.

हे फक्त हौशी लोकांचंच होतं असंही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने टीबी५० आणि टीबी५५ या बॅटऱ्यांबद्दल सुरक्षा सूचना काढली होती. डीजेआयच्या मॅट्रिस २०० मालिकेतल्या काही ड्रोनची पॉवर उडताना पूर्ण गेली होती, बॅटरीत पुरेसा वेळ शिल्लक आहे असं दिसत असूनही, आणि कंपनीने मग फर्मवेअर अपडेट दिलं. ती व्यावसायिक कामाची यंत्रं, दोन-दोन बॅटऱ्या असलेली. (आणि पॉवर गेली म्हणजे दरवेळी चार्जचाच दोष असंही नाही हां. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये गोप्रोने सुमारे २,५०० कर्मा ड्रोन परत मागवले, तिथे बॅटरी जागेवर धरून ठेवणारी खिट्टी नीट पकडत नव्हती. त्यामुळे आकडा कुठलाही बघा, बॅटरी बसवल्यावर एकदा ओढून बघायची सवय लावा.)

तळ्याच्या प्रकारानंतर दुधाने पोळल्यासारखं झालं आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. स्वतः बांधलेल्या क्वाडवर (चार पंख्यांच्या ड्रोनवर) टक्के बंदच केले, व्होल्टेज मोठं करून मधे ठेवलं. विचार साधा होता की चिपने केलेला हिशेब नको, सेलला थेट विचारू.

सेल खोटं बोलत नाही हे खरं, पण कामात असताना ती जे बोलते त्याचा अर्थ लावायला आपल्याला उडवता उडवता वेळ नसतो. आता ज्या कटकटीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो, आणि जरा लांबवून सांगतो कारण विकत घेताना किंवा सेट करताना हे कुणी सांगत नाही.

बीटाफ्लाइटमध्ये (क्वाड चालवणारं सॉफ्टवेअर) डिफॉल्टला सेलमागे ३.५ व्होल्टला वॉर्निंग आणि ३.३ ला क्रिटिकल असतं. ते तसंच ठेवलं. पहिल्या मिनिटाला थ्रॉटल पंच केला, म्हणजे एकदम वर ढकलला, की बीप. थ्रॉटल सोडला की बंद. झाडाच्या वर चढायला पंच, बीप. रिमोटला बोलतं केलेलं, तर ती बाई प्रत्येक पंचला "बॅटरी लो" म्हणणार आणि तिचं वाक्य संपेपर्यंत व्होल्टेज परत ३.८. यात तिची चूक नाही, सॅग (जोर लावताना व्होल्टेज तात्पुरतं पडतं ते) म्हणजे करंट गुणिले सेलचा अंतर्गत रोध. सेलचा रोध ५ मिलीओहम धरला आणि पंचला ६० अँपिअर ओढले तर ०.३ व्होल्ट जागच्या जागी गायब, म्हणजे ३.८ चं ३.५. तोच पॅक वर्षभराने १२ मिलीओहमला गेला की त्याच पंचला ०.७२ व्होल्ट जातात आणि स्क्रीनवर ३.०८ दिसतं, पॅक निम्मा भरलेला असतानाही. थंडीत तर रोध आणखी वाढतो, सकाळी सकाळी पहिल्या उड्डाणाला तर नुसता ऑर्केस्ट्रा.

मग काय होतं? लांडगा आला रे आला. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बीपला मी दचकून परत फिरायचो आणि उतरवून बघायचो तर पॅकमध्ये निम्मा जीव शिल्लक. दुसऱ्या आठवड्यात बीप ऐकून "हो गं बाई" म्हणायला लागलो. महिनाभरात कानाने तो आवाज गाळूनच टाकला, पंख्याचा आवाज गाळतो तसा. आणि एक दिवस बीप आली ती थ्रॉटल सोडल्यावरही थांबली नाही आणि ते माझ्या लक्षात यायला जो वेळ गेला तेवढ्यात क्वाड चाळीस फुटांवरून दगडासारखा खाली. बॅटरीचा दोष नव्हता, सेटिंगचाही नव्हता म्हणा. अलार्म वाजत होता. मीच त्याला ऐकायचं बंद केलं होतं.

यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. अर्डुपायलट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या खाली सलग १० सेकंद राहिलं तरच फेलसेफ (ड्रोनने आपोआप घ्यायची खबरदारी) लागतो, आणि सॅगची भरपाई करून काढलेलं व्होल्टेजही वापरता येतं, बीटाफ्लाइटमध्येही वॉर्निंगला उशीर देता येतो. मी उशीर लावून बघितला. कटकट बरीच कमी झाली. पण लायपोचा शेवट कड्यासारखा असतो, कडा लागल्यावर जोरात उडवत असाल तर तेवढ्या सेकंदांत बरंच काही होतं, आणि माझी उडवायची पद्धत काही शांत नाही. शांत उडवणाऱ्याला हे अगदी पुरेल कदाचित.

दुसरी एक गोष्ट, शांत असतानाही व्होल्टेज मधल्या टप्प्यात काही फारसं सांगत नाही. न वापरता ठेवलेल्या सेलचं ३.८५ ते ३.७० एवढ्या दीड दशांश व्होल्टच्या पट्टीत पॅकचा निम्म्याच्या आसपास जीव असतो. सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, मग बराच वेळ हलत नाही, मग एकदम जातो. हलत नाही तेव्हा आपण निवांत होतो आणि तेच वाईट. शिवाय पॅकच्या एकूण व्होल्टेजला सेलच्या संख्येने भागून दाखवलेला आकडा सरासरी असतो, ४एसमध्ये (चार सेलच्या पॅकमध्ये) तीन सेल ३.७ ला आणि एक ३.३ ला असली तरी स्क्रीन ३.६ म्हणणार आणि तुम्ही आणखी एक फेरी मारणार.

तर आता एमएएच. हा आकडा दिसायला सगळ्यात कंटाळवाणा आहे. शून्यापासून सुरू होतो आणि फक्त वाढतो. पंच करा, उलटा करा, वाऱ्यात न्या, तो उड्या मारत नाही, मागे येत नाही. १५०० च्या पॅकला १२०० झाले की खाली, बस. मला हा आवडायला लागला तो याच कंटाळवाणेपणामुळे, अलार्म एका उड्डाणात एकदाच वाजतो आणि वाजला की तो खराच असतो, त्यामुळे कान परत जागे झाले.

आणि मघाशी टक्क्यांचं भागाकाराचं म्हटलं ना, इथे भागाकारच नाही. स्क्रीन फक्त अंश दाखवते, छेद माझ्याकडे. पॅक म्हातारा झाला की मी छेद कमी करतो, चिपच्या शिकण्याची वाट बघत बसत नाही. कसा कमी करायचा तर उतरवल्यावर पॅक दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग सेल मोजायच्या. ठरलेले एमएएच खर्च करून ३.७० च्या वर राहिल्या तर ठीक, खाली गेल्या तर पुढच्या वेळी पन्नास एमएएच आधी उतरायचं. एखादी सेल बाकीच्यांपेक्षा दशांश व्होल्टने मागे राहायला लागली तर त्या पॅकला लांब न्यायचंच नाही.

तोटे आहेत, लपवत नाही. करंट सेन्सर लागतो आणि तो आला तसा विश्वासाचा नसतो. माझा पहिल्या दिवशी ११०० दाखवत होता आणि चार्जरने आत भरले १२५०, म्हणजे मी स्वतःला दीडशेने फसवत होतो. हे दुरुस्त करणं सोपं आहे, बीटाफ्लाइटमध्ये सेन्सरच्या जुन्या स्केलला (सेटिंगमधल्या गुणांकाला) ओएसडीच्या, म्हणजे स्क्रीनवर दिसलेल्या, आकड्याने गुणायचं आणि चार्जरच्या आकड्याने भागायचं, ४०० असेल तर ३५२ येतं. एका उड्डाणावर नका करू, तीन-चार पॅकची सरासरी घ्या. दुसरा तोटा जास्त धोक्याचा, प्लग काढून परत लावला की मोजणी शून्यावर. अर्धा उडवलेला पॅक चुकून परत लावला तर हा आकडा तुम्हाला हसतमुखाने खड्ड्यात नेतो. बीटाफ्लाइट पॅक भरलेला नसेल तर सुरुवातीला तशी वॉर्निंग देतं, ती बंद करू नका प्लीज. आणि कडक थंडीत पॅक तेवढे एमएएच देतच नाही, ते या आकड्याला कळत नाही, तिथे व्होल्टेजच बोलतं. म्हणून व्होल्टेज मी काढलेलं नाही, कोपऱ्यात बारीक ठेवलंय, त्याचा अलार्म ३.२ ला नेलाय, म्हणजे तो वाजला तर खरंच काहीतरी बिघडलंय.

आता तुमचं. तयार कॅमेरा ड्रोन असेल तर टक्क्यांशिवाय फारसा पर्याय नाही आणि नवीन बॅटरीवर काळजीही नको, पण उडवायच्या आधी आणि उतरल्यावर सेलचं पान उघडायची सवय लावा, आणि पाण्यावर जुनी बॅटरी नेऊ नका. एवढुसा १एस व्हूप (एका सेलवर उडणारा छोटा ड्रोन) असेल तर बहुतेक वेळा करंट सेन्सरच नसतो, व्होल्टेजवर भागवा, पडला तरी काय होतंय. दोन-तीन मिनिटांची रेस असेल तर टाइमरसुद्धा पुरतो. लांब पल्ल्याला लिआयन (लिथियम-आयन) सेल वापरणार असाल तर मात्र माझ्या मते विचार करायचीही गरज नाही, त्या सेल सॅग जास्त होतात आणि बऱ्याच २.५ पर्यंत उतरवायला बनवलेल्या असतात, लायपोचा ३.५ चा अलार्म त्यांच्यावर ठेवला तर निम्म्या वाटेपासून बोंब सुरू. तिथे एमएएच, आणि निम्मे संपायच्या आधी मागे वळायचं, वारा पाठीवरून असेल तर आणखी आधी. शांतपणे मधल्या अंतरावर फिरणारे असाल तर उशीर लावलेलं व्होल्टेज काही वाईट नाही, मित्र तसंच उडवतो आणि त्याचं अजून काही पडलेलं नाही, माझ्यापेक्षा त्याचा अंगठा हलका आहे एवढंच.

माझ्या पॅकवर आता चिकटपट्टी लावून मार्करने आकडे लिहिलेत, नवीन दोघांवर १२००, एकावर ११५०, एकावर १०००. उडवायच्या आधी चिकटपट्टी बघून अलार्म त्या आकड्यावर आणतो, अर्ध्या मिनिटाचं काम. सगळ्यात जुन्यावर खोडून खोडून ८५० झालंय, तो फक्त अंगणात डोक्याएवढ्या उंचीवर हॉवर करायला आणि नवीन कुणाला शिकवायला ठेवलाय.