सेमी-ऑटो कोॲग्युलोमीटर: नऊ महिने वापरल्यावर

रक्त किती सेकंदात गोठतं ते मोजणारं हे मशीन फेब्रुवारीत घेतलं, आता दिवाळी झाली, म्हणून लिहिते. माझी लॅब यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. दिवसाला चार-पाच पीटी आणि कधीमधी एपीटीटी (दोन्ही गोठायला लागणारा वेळ बघायच्या टेस्ट), एवढाच लोड. मशीन सिंगल चॅनल (एका वेळी एकच सॅम्पल), ऑप्टिकल (लाईटनं बघणारं). कंपनीचं नाव विचारू नका, सर्व्हिसवाल्याशी अजून भांडण चालू आहे.

आधी सगळं हातानेच चालायचं, वॉटर बाथमध्ये काचेची नळी तिरपी करत बसायचं आणि धागा दिसला की स्टॉपवॉच बंद. मी केलं तर 13 सेकंद, पोरीनं केलं तर 15. आता 100 मायक्रोलिटर प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) 37 डिग्रीवर ठेवायचा, त्यावर 200 मायक्रोलिटर गरम थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारं रिएजंट) मारायचं, घड्याळ आपोआप सुरू. फायब्रिन (गुठळीचे धागे) बनलं की प्लाझ्मा गढूळ होतो, पलीकडे लाईट कमी पोचतो, तिथंच आकडा थांबतो. कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला प्लाझ्मा) दोनदा लावला तरी अर्ध्या सेकंदाच्या वर फरक नाही, इथं मशीनला पूर्ण मार्क.

पण प्लाझ्मा आधीच दुधासारखा असेल तर याला काय दिसणार! लग्नसराईत रात्री सावजी हाणून सकाळी आलेल्या एका भाऊंचं दोनदा एरर आलं, शेवटी नळी तिरपीच केली. पिपेटमधून बुडबुडा गेला तरी तेच, क्लॉट झाला समजून 6 सेकंदात थांबतं.

उन्हाळ्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. सॅम्पल 37 वर ठेवणारा मशीनचा ब्लॉक फक्त गरम करतो, थंड करत नाही. नवतपा लागला, लाइन गेली, इन्व्हर्टरवर कूलर चालत नाही, खोलीत 41, मग ब्लॉक 37 वर येणार कसा? स्क्रीनवर 39 आणि टेस्ट सुरूच होऊ देईना. आठ दिवस सकाळी दहाच्या आतच पीटी लावले.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझीच. जूनमध्ये थ्रोम्बोप्लास्टिनचा लॉट बदलला, जुन्याचा आयएसआय (त्या लॉटच्या संवेदनशीलतेचा आकडा, आयएनआर काढायला लागतो) 1.3, नव्याचा 1.0, आणि मी मशीनमध्ये बदललाच नाही. हृदयात व्हॉल्व्ह बसवलेल्या, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या एका काकूंचा पीटी 28, आमचा नॉर्मल 13, मशीननं आयएनआर (पीटीला नॉर्मलनं भागून आयएसआयनं दुरुस्त केलेला आकडा) छापला 2.7. डॉक्टरांनी त्यांना 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायला सांगितलेलं, म्हणजे कागदावर सगळं छान. संध्याकाळी डबा आवरताना आतला माहितीचा कागद (इन्सर्ट) हातात आला आणि पोटात गोळा. खरा आयएनआर 2.15, म्हणजे गोळी कमी पडत होती. लगेच फोन केला. दुसऱ्या दिवशी काकू दारातूनच, "काऊन वं पोरी, पुन्हा सुई टोचतं का?" टोचली बापा, फुकटात. आता नवा डबा उघडला की आधी आयएसआय पेनानं लिहून मशीनवर चिकटवते.

बाहेरून येणाऱ्या निळ्या झाकणाच्या नळ्या अर्ध्याच भरलेल्या असतात. त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं; ते एक भाग तर रक्त नऊ भाग पाहिजे, कमी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि वेळ उगाच लांबते. मशीनला ते कळत नाही, तुम्हालाच नळी परत पाठवावी लागते, शिव्या खायच्या.

ऑगस्टमध्ये पऱ्हाटीत निंदण करणारा एक माणूस आणला, घोणस चावलेली. पीटी लावला, 120 सेकंद झाले, "नो क्लॉट". आधी वाटलं मीच रिएजंट टाकलं नाही. कंट्रोल लावला, 13. परत पेशंटचा लावला, परत तेच, क्युवेट (मशीनमध्ये सॅम्पल ठेवायची छोटी नळी) उलटी केली तर पाणीच. तिकडं डॉक्टरांच्या टेबलावर काचेच्या कोरड्या नळीत ठेवलेलं 2 मिली रक्तही 20 मिनिटांनी पातळच. विष फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते) संपवून टाकतं, गोठायला उरतं काय. अँटीव्हेनम दिल्यावर 6 तासांनी परत सॅम्पल आलं, 24 सेकंद. तो आकडा बघून मी चहा मांडला.

आणि एक कमी. हे फक्त गुठळी बनताना बघतं, विरघळताना नाही. कॉलेजमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 405 नॅनोमीटरला ग्राफ बघितलेला, फायब्रिन बनताना रेष चढते आणि प्लाझ्मिन (गुठळी विरघळवणारं एन्झाइम) ते कापायला लागलं की हळूहळू उतरते. इथं चढणीचा पहिला आकडा मिळाला की मशीनचं काम संपलं. उतरणीसाठी डी-डायमर ही टेस्ट वेगळी करावी लागते, तेही गुठळीचे तुकडे दाखवतं, किती वेळात तुटली ते नाही.

घ्यायचं असेल तर मशीनच्या भावाआधी क्युवेटचा भाव विचारा. आमचे सेल्सवाले त्याबद्दल शेवटी बोलले, चेक घेतल्यावर.