जंतूंविना सुजलेली झडप: हेपॅरिनचे इंजेक्शन की वॉर्फरिनची गोळी?
हृदयाच्या झडपेवर गाठी दिसल्या, पण जंतुसंसर्ग नसल्याची डॉक्टरांनी खात्री करून घेतली, तर घरच्यांच्या मनात घोळणारा ‘अँटिबायोटिक कोणते?’ हा प्रश्न मागे पडतो. या गाठी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि फायब्रिन (गुठळीचे प्रथिन-धागे) यांच्या बनलेल्या असतात. झडपेला त्या सैल चिकटलेल्या असल्यामुळे सहज सुटतात आणि मेंदू, प्लीहा किंवा मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत अडकतात. कित्येकदा पक्षाघात झाल्यावरच आजाराचा पत्ता लागतो. त्यामुळे रक्त गोठू न देणारे औषध, म्हणजे हेपॅरिनचे इंजेक्शन किंवा वॉर्फरिनची गोळी, निवडावे लागते, आणि ती निवड मूळ आजार पाहूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

मूळ कारण स्वादुपिंडाचा, फुप्फुसाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल तर हेपॅरिनचे पारडे जड असते, कारण अशा रुग्णांत वॉर्फरिन चालू असतानाही गुठळ्या होत राहतात. पोटाची कातडी चिमटीत धरून रोज एकदा किंवा दोनदा सुई टोचावी लागते आणि तिथे काळेनिळे डाग पडतात. मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा बदलावी लागते. पुढची वाटचाल मात्र कर्करोग कितपत आटोक्यात येतो यावरच अवलंबून असते.

ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार, यातील झडपेच्या या विकाराचे वर्णन लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी 1924 मध्ये केले. हे रुग्ण बहुधा तरुण स्त्रिया असतात, आणि सोबत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (प्रतिपिंडांमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा विकार) असून गुठळी झालेली असेल तर दीर्घकाळ वॉर्फरिन घ्यावे लागते. आयएनआर (हा रक्त-तपासणीतला आकडा जितका जास्त, तितके रक्त उशिरा गोठते) साधारण 2 ते 3 यांच्या दरम्यान राखायचा असतो. आपल्याकडे गोव्यात श्रावणात मासळी बंद होऊन ताटात अळू, तायखिळा, तांबडी भाजी वाढते आणि त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे आयएनआर घसरू शकतो. भाजी सोडू नये, वर्षभर तिचे प्रमाण सारखे ठेवावे आणि श्रावण लागताच तपासणी करून घ्यावी. गर्भधारणेचा विचार असल्यास मात्र आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण वॉर्फरिन गर्भाला बाधते आणि त्या काळात हेपॅरिनच द्यावे लागते.

आयएनआर तपासायला न लावणाऱ्या नव्या गोळ्यांचा मोह साहजिक आहे. पेडण्याहून बांबोळीच्या रुग्णालयात खेपा घालणाऱ्याला तर अधिकच. तरीही अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्ही चाचण्या सकारात्मक असलेल्या रुग्णांवरील रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीची चाचणी, वॉर्फरिनच्या तुलनेत ही गोळी घेणाऱ्या गटात गुठळ्यांच्या घटना जास्त झाल्यामुळे मुदतीआधीच थांबवावी लागली, हा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अशा रुग्णाने सोयीसाठी गोळी बदलू नये.