बालविकास व बालआरोग्य पदविका, रत्नागिरी : वर्षभराच्या अभ्यासानंतर

रत्नागिरी शहरातील एका शिक्षणसंस्थेचा ‘बालविकास व बालआरोग्य’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम मी गेल्या एप्रिलमध्ये पूर्ण केला. पूर्णगडसारख्या खाडीकाठच्या गावातून आठवड्यातून तीन दिवस पावसमार्गे एस.टी.ने जाऊन हा अभ्यास करावा की करू नये, हे ठरवताना मला कोणाचाही लेखी अनुभव वाचायला मिळाला नव्हता. तो इतरांना मिळावा म्हणून हे लिहीत आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या मी संस्थेच्या कार्यालयात लेखी दिल्या आहेत, आणि त्यांची चर्चा तिथेच व्हावी असे मला वाटते. शुल्क १८,००० रुपये असून ते दोन हप्त्यांत घेतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट लागते, म्हणून प्रवासाचा भार सोसवला. ही सवलत नसती तर आमच्या वर्गातील राजापूर आणि गणपतीपुळ्याकडून येणाऱ्या मुलींपैकी काहींना शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले असते.

प्रवेशापूर्वी मी तीन वर्षे गावच्या बालवाडीत मदतनीस म्हणून काम केले होते, त्यामुळे मुलांची मापे घेणे मला येते अशी माझी समजूत होती. पहिल्याच महिन्यात ती चुकीची ठरली. दोन वर्षांच्या आतील मुलाची लांबी त्याला आडवे निजवून मोजायची आणि दोन वर्षांनंतर उंची उभे करून घ्यायची, हे मला माहीत होते. पण एकाच मुलाची निजवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त भरते, आणि मोजण्याची पद्धत बदलली तर आकड्यातही तेवढा फरक करावा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. काट्याच्या झोळीचे वजन आधी शून्यावर आणणे, बाळाचे जाड कपडे उतरवणे, एकाने मापताना दुसऱ्याने बाळाचे गुडघे सरळ धरणे, या गोष्टी आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतल्या गेल्या की आता हात आपोआप तसेच चालतात. दंडाचा घेर मोजण्याची फीत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते, ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण आणि ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम कुपोषण. ही फीत आवळून धरली की आकडा कमी येतो आणि सैल धरली की बाळ सुदृढ दिसते. दोन्ही पायांवर अंगठ्याने दाबून खळगा उरतो का, हे पाहिल्याशिवाय वजनाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा धडाही तिथलाच, कारण सुजेमुळे वजन फसवे येते.

वाढीचा आलेख वाचण्याचे शिक्षण हा माझ्या मते या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. आपण वापरतो ते तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मानकांवर आधारलेले आहेत, आणि त्यामागच्या अभ्यासात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका यांच्यासोबत भारतातील, दिल्लीची, बाळेही होती. “आपली मुले मुळातच लहान चणीची” असे म्हणून विषय टाळणाऱ्यांना यापुढे मी हेच सांगेन. वयाच्या मानाने कमी वजन, वयाच्या मानाने कमी उंची म्हणजे खुजेपणा, आणि उंचीच्या मानाने कमी वजन म्हणजे लुकडेपणा, या तिन्हींची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात. खुजेपणाची मुळे गर्भारपणाच्या सुमारे २७० दिवसांपासून पुढच्या दोन वर्षांपर्यंत, म्हणजे पहिल्या हजार दिवसांत असतात. लुकडेपणा मात्र एका आजारपणातही येऊ शकतो. आमच्या बाई एका बिंदूवरून कधीच निष्कर्ष काढू देत नसत. तीन महिन्यांचे तीन बिंदू जोडा, रेषा वर जाते, आडवी होते की खाली येते ते पाहा आणि मगच आईशी बोला, असा त्यांचा आग्रह असे.

दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे निरीक्षणवही. प्रत्येक विद्यार्थिनीने एकच बालक निवडून वीस आठवडे त्याला पाहायचे आणि दर भेटीला जे दिसले तेवढेच लिहायचे, आपले मत लिहायचे नाही. ‘बाळ चिडके आहे’ हे वाक्य खोडले जाई आणि ‘खेळणे काढून घेतल्यावर बाळ दोन मिनिटे रडले’ हे ठेवले जाई. मी पावसजवळच्या एका वाडीतील बावीस महिन्यांच्या मुलाची निवड केली. तो चालत होता, पायऱ्या चढत होता, वाटीत वाटी बसवत होता, पण एकही शब्द बोलत नव्हता. साधारणपणे वर्षाच्या सुमारास एखाददुसरा अर्थपूर्ण शब्द येतो आणि दुसरे वर्ष संपता संपता दोन शब्द जोडले जातात. आजीचे म्हणणे होते की त्याच्या बापालाही तिसऱ्या वर्षी वाचा फुटली. चौथ्या आठवड्याची माझी नोंद वाचताना बाईंनी विचारले की तो वळून पाहतो ते हालचाल दिसल्यावर, की आवाज ऐकल्यावर? वहीत त्याचे उत्तर नव्हते. पुढच्या भेटीत मी त्याच्या पाठीमागे उभी राहून वाटीवर चमचा वाजवला, आणि तो वळला नाही. तपासणी पथकाकडे नाव दिले, जिल्ह्याच्या ठिकाणी कान तपासले गेले, आणि दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचल्याचे निदान झाले. उपचार चालू आहेत. तो नीट बोलू लागेल की नाही हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण ही वही नसती तर मीही त्या आजीच्या बोलण्याला मान डोलावून घरी परतले असते.

ज्या तपासणी पथकाचा उल्लेख केला ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच किनारपट्टीवरील पालघर येथून सुरू झाला. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चार गटांसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. अभ्यासक्रमात यावर दोन तास आहेत आणि तेवढे पुरेसे आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय कसे धरावे हाही भाग थोडक्यात पण चांगला शिकवतात : चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ चार महिन्यांचे झाले की मान, हसू, नजर हे टप्पे तपासताना त्यातून सहा आठवडे वजा करायचे.

पोषणाच्या पुस्तकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यातील नमुना आहारात गव्हाचा शिरा, सफरचंद आणि पनीर आहे. आमच्या बाजूला सहा महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा काय देतात, तर तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व. पातळ पेजेने बाळाचे इवलेसे पोट भरते, पण ताकद फार थोडी मिळते, हा मुद्दा पुस्तकात कुठेच नाही. चमच्यातून घरंगळणार नाही इतके अन्न घट्ट असावे, हे बाईंनी वर्गात पातेले मांडून दाखवले. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व केले तर लापशी कमी पाण्यातही मऊ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. शिवाय धान्यातील लोह शोषून घेण्यातला अडथळा मोडांमुळे कमी होतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आमच्या आज्या हे मोड आणत आल्या आहेत, त्याचे कारण तेवढे आम्हाला इथे समजले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला स्तनपानाबरोबर दिवसातून दोन ते तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन ते चार वेळा असे अन्न हवे.

मासळीविषयी तर पुस्तक जवळजवळ गप्प आहे. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत मच्छीमार कुटुंबांची कमाई आटते आणि स्वयंपाकघर सुकट, जवळा, बोंबील यांवर चालते. नेमके याच काळात पावसामुळे जुलाब वाढतात. खारवलेली मासळी वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये, मोठ्या मुलाला द्यायची तर भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन, मीठ काढून द्यावी, आणि ताजी मासळी मिळते त्या दिवशी काटे काटेकोरपणे काढून कुस्करून बाळालाही द्यावी, एवढे एक पान पुस्तकात असायला हवे होते. जुलाबाचा धडा त्या मानाने चोख आहे : क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण विरघळवायची, थोडी थोडी काढून नाही, आणि झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्यायच्या.

प्रथमोपचाराच्या धड्यात भाजणे, घशात वस्तू अडकणे आणि विजेचा धक्का आहे, पण विंचू नाही. कोकणात मुलांसोबत काम करणाऱ्या माणसाला लाल विंचवाचे विष माहीत नसणे मला चालण्यासारखे वाटत नाही. मुलाचे वजन कमी असल्याने तेवढेच विष त्याला जास्त बाधते. घाम सुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यावर मांत्रिकाकडे किंवा पाला चोळण्यात गेलेली प्रत्येक घटका हृदय आणि फुप्फुसे यांवर ताण आणते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले आणि त्यामुळे कोकणातील कितीतरी मुलांचे प्राण वाचले. त्यांचे काम आपल्या दाराशी झालेले असताना ते अभ्यासक्रमात नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेच तात्त्विक भागाचे. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक वाढीच्या चार अवस्था आम्ही परीक्षेसाठी इतक्या वेळा उतरवल्या की त्याने आपल्याच तीन मुलांकडे किती चिकाटीने पाहिले ही शिकण्यासारखी गोष्ट मागे राहिली. माँटेसरीला भरपूर जागा दिली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना अर्धे पान. डहाणू तालुक्यातील बोर्डीला १९४५ साली या दोघींनी ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात व गुरे चारण्याच्या कुरणात न्यायची, असे ठरवले. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना तिथे रुजल्या. हापूसच्या बागांमध्ये राखणीसाठी येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले हंगाम संपला की निघून जातात. त्यांना कसे शिकवावे याचा विचार करताना मला कुरणशाळेहून उपयोगी काही सापडलेले नाही.

नोकरीविषयी प्रवेशाच्या वेळी जे तोंडी सांगतात ते तपासून घ्यावे. ही पदविका म्हणजे उपचार करण्याचा परवाना नव्हे. विशेष शिक्षक किंवा वाचाउपचारक म्हणून काम करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या, पदासाठी पदवी लागते, आणि ती माझ्याकडे होती म्हणून मी अर्ज करू शकले. बालवाडी, पाळणाघर, स्वयंसेवी संस्थेचे पोषणकाम किंवा अंगणवाडीतील काम यांसाठी या वर्षाचा उपयोग निश्चित होतो, पण तो हाताला आलेल्या कौशल्याचा. कागदाचा फारसा नाही.

प्रत्यक्ष कामाचे दिवस कमी आहेत. माहितीपत्रकात साठ लिहिले होते, आम्हाला अडतीस मिळाले, कारण जुलै-ऑगस्टच्या पावसात भेटी रद्द झाल्या आणि नंतर त्या भरून काढल्या नाहीत. रत्नागिरीतील मिरकरवाडा या मच्छीमार वस्तीच्या अंगणवाडीत सकाळी अकराला गेले तर मुलांच्या आया मासळीबाजारात असतात. तिथे दुपारनंतर जायला हवे हे संस्थेला सांगूनही वेळापत्रक बदलले नाही. येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्यांनी हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत, आणि आपल्या निरीक्षणवहीची छायाप्रत दर महिन्याला काढून ठेवावी. मूळ वही परीक्षेआधी कार्यालयात जमा करावी लागते. माझी परत मिळायला अडीच महिने लागले, आणि त्या मुलाच्या कानांच्या पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी नेमक्या त्याच नोंदी मागितल्या होत्या.