माउस टूलचं डॉक्युमेंटेशन: स्कीमात की वेगळ्या गाइडमध्ये?

एजंटच्या, म्हणजे स्वतःहून कॉम्प्युटर चालवणाऱ्या एआय प्रोग्रामच्या, हाती माउस द्यायचा तर क्लिक, ड्रॅग, स्क्रोलची फंक्शनं लिहिणं हे त्यातलं सोपं काम. गाडी अडते ती पुढे: हे टूल कसं वापरायचं ते एजंटला कुठे सांगायचं? एक तर सगळं टूलच्या स्कीमातच, म्हणजे टूल काय करतं आणि कोणती माहिती (पॅरामीटर) घेतं याच्या ठरावीक साच्यातल्या व्याख्येतच, त्या त्या पॅरामीटरच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहायचं. नाहीतर स्कीमा जेमतेम ठेवायचा आणि ऐसपैस मार्कडाउन गाइड लिहून कामाच्या सुरुवातीला एजंटला वाचायला द्यायची. मी दोन्ही वापरून बघितलंय.

गाइड लिहायला सुखाची, हे आधीच कबूल करतो. ड्रॅग एका ओळीत सांगून भागत नाही. बटण दाबायचं, थोडंसं हलवायचं, मग लक्ष्यापर्यंत न्यायचं, क्षणभर थांबून सोडायचं. मधली हालचाल दिसली नाही तर काही ॲप्सना ड्रॅग सुरू झालाय हेच कळत नाही. हे असं कारणासकट लिहायला गाइडमध्ये जागा असते. स्क्रोलचंही तेच. लिनक्सवरच्या एक्सडूटूल या प्रोग्राममध्ये चाक वर म्हणजे बटण ४, खाली म्हणजे ५. विंडोजमध्ये चाकाचा एक खटका म्हणजे १२०. पायऑटोगुई या पायथन लायब्ररीत त्याच आकड्याला पान किती सरकेल ते प्लॅटफॉर्मवर अवलंबून. शिवाय टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला स्कीमा वाचायला लावणं म्हणजे छळच.

माझं बिनसलं ते कोऑर्डिनेट्सवरून, म्हणजे स्क्रीनवरची जागा सांगणाऱ्या आकड्यांवरून.

समजा स्क्रीन १९२० बाय १०८० आहे आणि एजंटमागच्या एआय मॉडेलला स्क्रीनशॉट जातो १२८० बाय ७२०चा. त्यात ‘सेव्ह’ दिसतं ८००, ४००वर; खऱ्या स्क्रीनवर ते १२००, ६००वर असतं. हा दीडचा गुणाकार आमचं टूल स्वतः करायचं, आणि तसं गाइडमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. छोट्या कामांत सगळं सुरळीत चालायचं. काम लांबलं की स्क्रीनशॉट साचायचे, आणि मॉडेलला एका वेळी ठरावीकच मजकूर देता येत असल्याने जागा करायला जुना मजकूर छाटला जायचा आणि त्यात गाइडही जायची. मग एजंट आपल्याच हुशारीने दीडने गुणून १२००, ६०० पाठवायचा, टूल पुन्हा गुणायचं आणि क्लिक पडायचा १८००, ९००वर. टूल म्हणायचं ‘क्लिक झालं’, एजंट म्हणायचा ‘फाइल सेव्ह केली’, आणि दोघे मिळून पुढच्या पायरीला लागायचे!

टूलमध्ये हद्दीची तपासणी होती, पण १२०० आणि ६०० हे दोन्ही आकडे स्क्रीनशॉटच्या हद्दीतच बसतात, मग एरर येणार कुठून? बटण उजवीकडे किंवा खाली असलं की एरर यायची, वर डावीकडे असलं की मुकाट्याने चूक. त्यामुळे बग कधी दिसायचा, कधी नाही, आणि दर वेळी संशय भलत्याच कोडवर जायचा. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

स्कीमाचं तसं नाही. टूलची व्याख्या मॉडेलकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत जाते, संभाषण कितीही छाटलं तरी. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये आणलेल्या कॉम्प्युटर यूज टूलमध्येही डिस्प्लेची रुंदी-उंची टूलच्या व्याख्येतच द्यावी लागते. आता आमच्या एक्स पॅरामीटरपाशी एवढंच आहे: ‘शेवटच्या स्क्रीनशॉटमधला पिक्सेल, डावीकडून, ० ते १२७९. गुणाकार करू नका, तो टूल करतं.’ मी रीतसर मोजमाप केलेलं नाही, पण त्यानंतर दुहेरी गुणाकार माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. आणखी एक फायदा म्हणजे मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा जोडला की विंडोज ऋण आकडे देतं. सगळं बोलणं स्क्रीनशॉटच्या पिक्सेलमध्ये असलं की ती भानगड एजंटपर्यंत पोचतच नाही.

गाइड सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे दर विनंतीसोबत जाणाऱ्या कायमच्या सूचनांमध्ये, ठेवली तर तीही टिकेल, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण मग अख्ख्या गाइडचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) दर विनंतीला मोजायचे, आणि नियम पॅरामीटरपासून लांब राहतो तो राहतोच. तुमची कामं चार-पाच क्लिकमध्ये आटपत असतील तर कदाचित यातलं काहीच जाणवणार नाही. मग लिहायला सोपी म्हणून गाइड घ्या, माझी हरकत नाही. काम लांबणारं असेल तर मी स्कीमाकडेच झुकेन. त्यातही डिस्क्रिप्शन दोन-तीन वाक्यांच्या पुढे जाऊ देऊ नये, असं माझं मत. ड्रॅगची सविस्तर कृती मी अजूनही गाइडमध्येच ठेवतो आणि ड्रॅगच्या डिस्क्रिप्शनमध्ये त्या फाइलचं नाव देतो. एजंटला गरज पडली की तो उघडून वाचतो.