बाळाची कावीळ: कपाळावरून मोजायची की टाचेतून?

राजारामपुरीत नवं प्रसूतिगृह काढलेल्या एका डॉक्टर मॅडमनी परवा विचारलं, "कावीळ मोजायचं ते कपाळाला लावायचं मशीन घेऊ, की रक्त तुमच्याकडंच पाठवू?" मी पडलो लॅबवाला. रक्तच पाठवा म्हणणार, असं त्यांना वाटलं असावं.

खरं तर दोन्हीकडे मोजतो तो प्रकाशच. कावीळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, 460 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, म्हणून बाळ पिवळं दिसतं. मशीन कपाळावर नाहीतर छातीवर प्रकाश टाकतं आणि परत येताना निळा किती घटला त्यावरून आकडा देतं. टोचाटोची नाही, मिनिटात काम. आम्ही सीरममध्ये, म्हणजे पेशी बाजूला काढलेल्या रक्ताच्या पाण्यात, डायझो रसायन घालतो आणि चढलेला रंग साधारण 540 नॅनोमीटरला वाचतो.

लॅबचा आकडा पक्का, पण बल्ब, म्हणजे टाच टोचून घेतलेल्या रक्ताची नळी, नीट आला तर. टाच फार पिळली की पेशी फुटतात, सीरम गुलाबी होतं, आकडा बिघडतो. उजेडातही बिलिरुबिन मोडतं, म्हणून बल्बला फॉइल हवीच. एकदा एक बल्ब नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, भर उन्हातून मोटारसायकलवर आला. आकडा संशय यावा इतका कमी. त्या लेकराची टाच पुन्हा टोचली; आई बाळापेक्षा जास्त रडली.

मशीनची अडचण वेगळी. कावीळ उतरवायला बाळ निळ्या लाइटखाली ठेवलं की कातडी आधी निवळते, रक्त मागं राहतं. मग मशीन खोटा दिलासा देतं. सावळ्या कातडीवर आकडा थोडा चढा येऊ शकतो. ते चालेल, उलटं झालं तर धोका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या 2022च्या नियमावलीत मशीनचा आकडा डेसिलिटरला 15 मिलिग्रॅम किंवा त्याहून वर गेला किंवा लाइट लावायच्या मर्यादेच्या 3 मिलिग्रॅम आत आला, की रक्त तपासायला सांगितलंय. आणि दोन आठवडे उलटूनही पिवळं असलेलं, पांढरट शी करणारं बाळ आलं, तर मशीन हातातही घेऊ नका. तिथं डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृतातून प्रक्रिया होऊन आलेलं, वेगळं मोजावं लागतं, ते कातडीवरून कळत नाही.

मॅडमना म्हटलं, मशीन घ्या. घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाला लावा, शंका आली की रक्त पाठवा. मात्र पहिला महिना, रक्त जाईल त्या प्रत्येक बाळाचे दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी लिहा. मशीन आपल्या बाळांवर किती वर-खाली दाखवतंय ते दिसेल. त्या महिन्याचं बिल मी निम्मं लावतो.