लग्नाची फुलं आणि केक: पैसा कुठे घालायचा, हात कुठे आखडायचा

मे महिन्यातला साडेबाराचा मुहूर्त आणि डिसेंबरातला गोरज मुहूर्त, या दोन लग्नांना एकच सल्ला लागू पडत नाही, बजेट सारखं असलं तरी. आपल्याकडे परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या आसपास फिरतो. मंडपाचं कापड ऊन अडवतं, उकाडा अडवत नाही. फुलाचं आणि केकचं दोघांचंही वैर त्या उकाड्याशीच. म्हणून डेकोरेशनवाल्याचा अल्बम उघडण्याआधी तारीख, वेळ आणि जागा नक्की करा. हॉल, लॉन की घरासमोरचा मांडव, एवढं ठरलं की निम्मे प्रश्न सुटतात.

पहिला प्रश्न: ताजी फुलं की कापडी?

मला विचाराल तर दोन्ही, पण जागा वाटून. स्टेजमागचा पडदा, कमान, हॉलचे खांब इथे कापडी फुलं खुशाल लावा. दहा-बारा फुटांवरून फोटोत फरक कळत नाही आणि मे महिन्यात संध्याकाळपर्यंत टिकतात तीच. गळ्यातले हार, गजरे, वेणी, दारातलं आंब्याच्या पानांचं तोरण मात्र ताजंच हवं. जे अंगाला लागतं, ज्याचा वास येतो, तिथे कापडी फूल केविलवाणं दिसतं.

कापडी फुलं भाड्याची असतात, म्हणजे तुमच्याआधी कित्येक लग्नांत उभी राहिलेली असतात. गोडाऊनमध्ये जाऊन दिवसा उजेडात बघा. पांढऱ्या फुलांना पिवळट झाक आली असेल, पाकळीच्या घडीत धूळ बसली असेल तर रंग बदलून मागा. गर्द गुलाबी आणि लाल रंगात जुनेपणा लपतो, पांढऱ्यात नाही. जाता जाता एक, थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी वधूवरांची थर्माकोलची नावं अजून कोटेशनमध्ये सापडतातच. कापून टाका ती ओळ.

दुसरा प्रश्न जास्त पैशांचा आहे: डेकोरेशनवाल्याचं पॅकेज घ्यायचं की फुलं स्वतः बाजारातून आणायची?

पॅकेजमध्ये डोक्याला ताप नाही, हे मान्य. पण ‘फ्लॉवर स्टेज’ या दोन शब्दांत काय-काय बसतं ते कुणी लिहून देत नाही. तुम्ही लिहून घ्या: ताजी फुलं कोणती, सुटी फुलं किती किलो, जरबेरा आणि गुलाबाच्या जुड्या किती. जरबेऱ्याची जुडी दहाची आणि डच गुलाबाची वीसची असते, त्यामुळे हिशेब लगेच डोळ्यांसमोर येतो. आकडा विचारला की भाव आपोआप थोडा खाली येतो, हेही खरं.

स्वतः आणायची तर सुट्या फुलांवर भर द्या. झेंडू, शेवंती, गलांडा, निशिगंध ही किलोवर मिळणारी फुलं भरगच्च दिसतात आणि जरबेऱ्याच्या मानाने बरीच स्वस्त पडतात. शेवंती थंडीतली. गलांडा बिचारा कमी पाण्यावर येतो, उन्हाळ्यातही तग धरतो, पण त्याला लग्नात कुणी मान देत नाही. पिवळ्या-लाल तोरणात तो झेंडूच्या जोडीने छान खपून जातो. मोगरा नेमका उन्हाळ्याचा. त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी ओवलेला गजरा दुपारच्या लग्नात कळीचाच राहतो आणि गोरज मुहूर्ताला मात्र सगळा मंडप घमघमतो. उन्हाळ्यातलं लग्न संध्याकाळचं असेल तर दुसऱ्या कुठल्याही फुलात पैसे घालण्याआधी मोगऱ्यात घाला.

झेंडू घेताना फूल उलटं करून देठाकडून दाबून बघा. बोटाला पाणी लागलं तर वजन वाढवायला माल भिजवलाय. असा माल प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रात्र राहिला की आतून काळा पडतो आणि हारात ओवताना पाकळ्या गळतात. टोपलीत किंवा ओल्या गोणपाटावर पसरून सावलीत ठेवा. अक्षतांऐवजी पाकळ्या उधळायच्या असतील तर गुलाब त्याच सकाळी सोडा, आदल्या रात्री सोडलेल्या पाकळ्या पिशवीतच काळवंडतात.

माल कुठला? नांदेड-देगलूरकडच्यांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे गुडीमलकापूरच्या फूलबाजारातून आणणं सोयीचं. छत्रपती संभाजीनगर, बीडकडच्यांना पुण्याचा मार्केट यार्ड. पण गाडीभाडं आणि रात्रीचं जागरण धरलं तर बाहेरून आणणं मोठ्या लग्नालाच परवडतं. छोट्या लग्नाला गावातल्या फुलाऱ्याला आठ दिवस आधी सांगितलेलं बरं. फक्त तारीख बघा. अक्षय तृतीयेला गल्लोगल्ली लग्नं असतात, गुढीपाडव्याला झेंडू आणि १४ फेब्रुवारीच्या आठवड्यात गुलाब महागतो. त्या दिवसांत फुलांचं बजेट सोडा किंवा फूल बदला.

पॅकेज की बाजार, याचं उत्तर शेवटी माणसांवर आहे. पहाटे उठून हार ओवायला बसणाऱ्या चार मावश्या-आत्या घरात असतील तर बाजार. नसतील तर पॅकेज घ्या आणि यादी लिहून घ्या. नवरदेवाच्या भावाला ‘तू बघून घे’ म्हणणं हा पर्याय धरू नका, त्याला त्या दिवशी दहा कामं असतात.

आता केक.

साखरपुड्याला आणि रिसेप्शनला केक आला आणि राहिला. तो सगळ्या वऱ्हाडाला वाटायचा की फक्त कापायचा, हे आधी ठरवा. माणशी ५० ग्रॅमचा तुकडा धरला तरी ३०० पाहुण्यांना १५ किलो लागतो. एवढा सजवलेला केक म्हणजे फुलांपेक्षा जास्त खर्च. त्याऐवजी स्टेजवर दोन किलोचा सजवलेला केक ठेवा आणि बाकीचा त्याच चवीचा साधा स्लॅब मागवून आत कापा. ताटात येणाऱ्या तुकड्यावरून कुणाला काही कळत नाही. उंच केकची हौसच असेल तर खालचे मजले डमी आणि वरचा खरा असा मागवा, फक्त सुरी कुठे घालायची ते नवरा-नवरीला आधी दाखवा.

बेकरीचा की घरगुती बेकरचा? दोन-तीन किलोपर्यंत माझं मत घरगुतीकडे. चव मनासारखी मिळते, बदल ऐकतात, एगलेस निगुतीने करतात. मांडवात शाकाहारी पंगत असेल तर एगलेसच सांगा, नाहीतर आजी, आत्या तोंडसुद्धा लावणार नाहीत. पण दहा किलोची ऑर्डर घरगुती बेकरला देताना तिच्याकडे एवढा केक ठेवायला जागा आहे का ते विचारा. घरच्या फ्रिजमध्ये एक मोठा केक ठेवला की दार लागत नाही. मोठ्या ऑर्डरला बेकरी बरी. दोघांकडेही बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना-नोंदणीचा) क्रमांक बघा.

क्रीमचा प्रश्न उन्हाळ्यात खरा. दुधाचं ताजं क्रीम चवीला उत्तम, पण एसी हॉल नसेल तर ते पाघळतंच. नॉन-डेअरी व्हिप क्रीम त्यापेक्षा जास्त वेळ उभं राहतं. फाँडंट, म्हणजे केकवर लाटून चढवलेला साखरेचा जाड थर, आणखी टिकतो, पण महाग, आणि लोक तो सोलून ताटाच्या कडेला ठेवतात. गावात लग्न असेल तर तालुक्याहून केक आणताना थर वेगवेगळ्या खोक्यांत, गाडीच्या सपाट जागेवर, एसी लावून आणा. मांडीवर धरलेला केक पहिल्याच गतिरोधकाला एका बाजूला बसतो. पोचल्यावर किराणा दुकानदाराचा कोल्ड्रिंकचा फ्रिज मागून घ्या आणि जनरेटरवाल्याला एक प्लग त्याच्यासाठी राखायला सांगा. डीजेला वीज मिळते, केकला कुणी विचारत नाही.

मे महिन्यात दुपारी उघड्या मांडवात लग्न असेल तर क्रीमचा केक मी घेणारच नाही. क्रीमच नसलेला मावा केक घ्या, किंवा केकचे सगळे पैसे खव्यात घाला. भूम-कुंथलगिरीचा खवा हाताशी असताना पाहुण्यांच्या हातात पातळ क्रीमचा तुकडा कशाला द्यायचा? कापायला पाऊण किलोचा छोटा केक घरी ठेवा, संध्याकाळी वरात घरी आली की निवांत कापा. फोटोग्राफरला तेवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर तो जेवणानंतर सामान आवरून निघून गेलेला असतो.