आयप्टेशिया मारायचं औषध: औषध चांगलं, सुई एकदम बेकार

काल रात्री परत सुई जाम झाली आणि अर्धी सिरिंज औषध टाकीत न जाता सनमायकावर सांडलं, म्हणून आता लिहितेच. पहिली बाटली उन्हाळा लागायच्या आधी घेतली होती, आता दुसरी अर्ध्यावर आलीय. आयप्टेशिया म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत तणासारखं पसरणारं समुद्रफूल, ज्याच्या टाकीत ते तपकिरी झुपके उगवलेत त्यालाच माहीत किती डोकं फिरतं ते.

टाकी साधारण दोनशे लिटरची, लातूरला. फक्त मऊ कोरल (प्रवाळ) आहेत, झोआ, मश्रूम आणि एक मोठं लेदर. कडक कोरल ठेवत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते 2001 पासून आहेत आणि ते असायलाच पाहिजेत असं माझं मत आहे, कुणी आपल्या समुद्रातला दगड विकायला आणला तर घेऊ नका. मी टाकी ड्राय रॉकवर, म्हणजे काही जिवंत नसलेल्या कोरड्या दगडावर उभी केली, तरी आयप्टेशिया आलंच, झोआच्या फ्रॅगखाली (लावायला आणलेल्या तुकड्याखाली) जो गोल प्लग असतो त्याच्या बुडाला चिकटून. टाचणीच्या डोक्याएवढं होतं, दिवाळीपर्यंत मागच्या दगडावर गावच वसलं.

आता औषधाचं. काम करतं, त्यात वाद नाही. पाणी फिरवणारे वेव्हमेकर, रिटर्न पंप सगळं बंद करायचं, बाटली चांगली हलवायची, सिरिंज हळूच त्याच्या तोंडापाशी न्यायची आणि थेंब सोडायचा. ते खाणं समजून आत ओढून घेतं आणि काही मिनिटांत आकसून लगदा होतो. मोठ्या आयप्टेशियावर तर एकदम भारी. आमच्याकडं लाईट जाते तेव्हा पंप आपोआप बंद असतात, तर मी टॉर्च घेऊन तेच काम उरकते, बॅटरीवाला एअरपंप तेवढा चालू ठेवते.

पण ती सुई! वाकड्या टोकाची एकच सुई देतात आणि ती इतकी बारीक की औषधातला पांढरा गाळ तिच्यात बसतोच बसतो. मग तुम्ही दट्ट्या दाबता, काहीच येत नाही, अजून दाबता आणि एकदम फस्सकन ढग सुटतो. आयप्टेशिया तेवढ्यात दगडाच्या भोकात आत पळालेलं असतं आणि तो ढग शेजारच्या झोआवर बसतो. हिरव्या झोआचा एक अख्खा कोपरा माझा असाच जळाला. एवढ्या पैशाच्या बाटलीत धड एक सुई देता येत नाही का?

आणि ही काही बारकी तक्रार नाही. आयप्टेशियाला अर्धवट मारलं तर ते जास्त वाढतं. त्याच्या बुडाचा लहानसा तुकडा जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवीन उगवतं, कापलं, खरवडलं, चिमट्यानं ओढलं की हेच होतं. धडधाकट असताना नुसतं सरकलं तरी ते मागं बुडाचे तुकडे सोडत जातं. म्हणजे थेंब तोंडात गेला तर मेलं, बाजूला पडला तर चार झाले. सगळा खेळ त्या सुईवर आहे आणि कंपनीनं नेमकी तीच स्वस्तातली टाकलीय.

इथल्या वितरकाला मेल केला तर उत्तर, "वापरण्याआधी बाटली नीट हलवा." हलवतेच हो, हात दुखेस्तोवर हलवते. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, मग लई दिवसांनी बदली सुई आली. तीच. तेवढीच बारीक.

मला जास्त राग कशाचा येतो सांगू का, पाण्याचा. ढग सुटला की तो पांढरा राडा आणि मेलेला चिकट लगदा नळीनं ओढून काढावा लागतो, नाहीतर कुजतो. त्यात बादलीभर खारं पाणी जातं. ते परत भरायचं तर लिटरला 35 ग्रॅमच्या वर इम्पोर्टेड मीठ, आणि आरओचं शुद्ध पाणी, ज्याच्या एका लिटरमागं दोन-तीन लिटर फेकायचं निघतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. ते फेकायचं पाणी मी फरशीला आणि संडासला वापरते, थेंब वाया जाऊ देत नाही, तरी एका भंगार सुईपायी बादली ओतताना जीव तुटतो.

सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "अगं, पानाचा चुना लाव की त्याला, जीभ पोळती तर ते मरंना का?" त्यांचं बरोबरच आहे. टाकीवाले वापरतात ती काल्कवासर पावडर म्हणजे तेच, चुन्यातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात पुरेपूर विरघळलं की पीएच 12 च्या वर जातो. पण पानाच्या चुन्यात कधी सुगंध तर कधी काय मिसळलेलं असतं, टाकीत तो नको, शुद्ध पावडर घ्या आणि टूथपेस्टसारखी घट्ट कालवा. बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. फक्त एकावेळी चार-पाचच मारा, जास्त चुना गेला तर पूर्ण टाकीचा पीएच उडतो. डोळ्याला चष्मा लावा.

इथपर्यंत मी चार स्टार देणार होते. पावसाळ्यात एक स्टार काढला, कारण साफ केलेल्या दगडावर परत बारके बारके उगवायलेत. सुईनं दिसतं तेच मरतं, ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी उतरतं त्या कप्प्याच्या) आत, दगडाच्या पोटात कोण जाणार? त्यासाठी आयप्टेशिया खाणारे पेपरमिंट झिंगे मागवले, मुंबईहून ट्रॅव्हल्सनं. पिशवी उघडली तर कॅमल झिंगे! पेपरमिंट अर्धपारदर्शक असतो, अंगावर लांब लाल रेघा. कॅमल गडद लाल, मध्ये ठळक पांढऱ्या रेघा, पाठीला बाक, आणि त्याची नाकावरची सोंड वर-खाली हलते. तो झोआ आणि मश्रूम खातो, म्हणजे ज्यासाठी टाकी आहे तेच. दुकानदार म्हणतो, "ताई, दोन्ही एकच." एकच कसे हो? लई भांडल्यावर पैसे नाही दिले, पुढच्या ऑर्डरला वळते केले. खरे पेपरमिंट दुसरीकडून आणले. झिंगा घेताना आधी सोंडेचा फोटो मागा.

त्यांच्यामुळं तो काढलेला स्टार परत देतेय. दिवसा लपून बसतात, रात्री फिरतात, बारके आयप्टेशिया तेच संपवतात आणि मोठे मी मारते. सगळेच झिंगे खातात असं नाही, माझा एक नुसता माशांच्या खाण्यावर जगतो, म्हणून टाकीत खाणं कमी टाका. कॉपरचं औषध टाकीत कधीच नको, झिंगे मरतील.

बाकी फुकट आलेल्या पाहुण्यांत ब्रिसल वर्म (केसाळ किडा) दिसला की लोक घाबरतात, कामून घाबरता? उरलेलं खाणं साफ करतो तो, राहू द्या, हात तेवढा लावू नका. नळीत राहणारी व्हर्मेटिड गोगलगाय मात्र चिकट जाळं सोडून कोरलला त्रास देते, तिच्या नळीचं तोंड जेलवाल्या सुपरग्लूनं बुजवा.

आणि हात जोडून सांगते, कितीही वैताग आला तरी दगड घरात उकळू नका. झोआ आणि त्याच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, त्याची वाफ फुफ्फुसात गेली तर अख्खं घर दवाखान्यात जातं, असं बाहेर देशात झालेलं आहे. फ्रॅग हाताळताना हातमोजे घाला, नवीन फ्रॅग आला की प्लग तोडून फेकून द्या, डिप करा, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवा, पण डिपनं किड्यांची अंडी मरत नाहीत म्हणून काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून परत डिप करा.

घ्यावं का? घ्या, पण त्यातली सुई पहिल्या दिवशीच कचऱ्यात टाका. मेडिकलवरची इन्सुलिनची सुई घेऊ नका, ती अजून बारीक असते. प्रिंटरची शाई भरणाऱ्या दुकानात बोथट टोकाची जाड सुई मिळते, आज सकाळीच आणलीय, चहाच्या किमतीत. गाळासकट औषध सरळ खाली उतरतं.